घुमीचा फॉर्म

रविवारी सकाळी अकराला आत्या आली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि पर्समधून वही-पेन काढून म्हणाली, "दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं. धाकटा आधी. एक बोलत असताना दुसऱ्याने तोंड घालायचं नाही. जो ओरडेल त्याचं ऐकणं बंद. कबूल?"

दोघे भाऊ तिच्याकडे बघून 'कबूल' म्हणाले. एकमेकांकडे बघायचा प्रश्नच नव्हता.

सात वर्षं हे असंच चाललं होतं. एका छपराखाली राहायचं, एकाच धंद्यातलं खायचं आणि बोलायचं मात्र नाही. कशावरून? तर एका शोरूमची मोठी काच जिन्यावरून उतरवताना वळणावर कुणीतरी हात आधी सोडला. काकाच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. काका म्हणतो धाकट्याने सोडला, बाबा म्हणतो थोरल्याने सोडला. खरं काय ते त्या काचेलाच ठाऊक, आणि ती तर फुटली.

आता भांडण नवं होतं. खाली काचकामाचं दुकान, वर घर, आणि इमारत तिघा भावंडांच्या नावावर. बाबाला दुकान हलवून गावाबाहेर शेड घ्यायची होती, तिथे कापायचं मशीन बसवायचं होतं. काकाला बापाच्या टेबलावरून हलायचं नव्हतं. एक हो, एक नाही, म्हणजे निकाल आत्याच्या सहीवर. तीस वर्षं कोर्टात साक्षी टाइप केलेली बाई ती. घरचं भांडणही तिला तारीख आणि वेळ लावून हवं असायचं.

पण खरी घाई शेडची नव्हतीच. खरी घाई होती दाराच्या उंबऱ्यावर बसलेल्या पोरीच्या खिशात. तिथे एक फॉर्म चार घड्या घालून ठेवलेला होता. शाळेच्या वादविवाद संघात नववीतून दोनच मुलं घेणार होते, आणि त्यातलं एक नाव होतं बाबाच्या मुलीचं. रोज साडेतीन ते सहा सराव. पालकांच्या सहीचा फॉर्म सोमवारी सकाळी आठच्या आत पोचला नाही, तर यादीतलं पुढचं नाव. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

काकू हे ऐकून हसलीच होती. "घुमी? आणि वादविवाद? अगं, ही दिवसाला दहा वाक्यं बोलत नाही. त्यातली पाच तर आकड्यांची असतात!"

घुमी हे नाव तिला घरानेच दिलेलं. आणि आकड्यांची गोष्टही खरी होती. त्या घरात काच कापायची एक रीत होती, आजोबांनी घालून दिलेली. कापणाऱ्याने कागद बघायचा नाही, नजर काचेवरच ठेवायची. दुसऱ्याने माप मोठ्याने वाचायचं, कापणाऱ्याने ते तसंच परत म्हणायचं, वाचणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं, आणि मगच काचेवर हिरा ओढायचा. आधी बाबा वाचायचा आणि काका कापायचा. जिन्यावरच्या त्या दिवसानंतर बाबा पुढे दुकानात गिऱ्हाइकं घेत बसला आणि मागे माप वाचायला माणूस उरला नाही. काकूने पहिल्याच दिवशी हात झटकले, "तुमच्या भांडणात मी हमाली करायची नाही." मग घुमीची आई चार वर्षं वाचायला उभी राहिली. तिला दातांच्या दवाखान्यात दुपारचं काम मिळालं, तेव्हापासून घुमी. सातवीपासून रोज दुपारी, शाळेतून आल्या आल्या, कड घासायच्या यंत्राच्या घरघरीवरून आकडे पोचवायचे. गळा तयार होणार नाही तर काय होईल? शाळेच्या सभागृहात माईक बंद पडला आणि हिने सूचना वाचली ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली. वादविवादाच्या बाईंनी तिथेच तिला पकडली.

"हं, कर सुरू," आत्याने घड्याळ बघितलं.

बाबा उभा राहिला. त्याने चक्क हात पाठीमागे बांधले.

"ताई, माझं म्हणणं तीन पायऱ्यांवर उभं आहे. पहिली पायरी जागेची. खालच्या दुकानात सहा फुटांच्या वरची काच फिरवता येत नाही. ती हातावर, वळणावरून न्यावी लागते, आणि त्याने काय होतं हे ह्या घराला वेगळं सांगायला नको."

काकाने उजवा हात मांडीखाली घेतला.

"दुसरी पायरी हाताची. कापणाऱ्या माणसाचं वय छप्पन्न आहे. चांगला हात आहे, पण तो एकच हात आहे, आणि तो थकला तर आपल्याकडे दुसरा नाही. तिसरी पायरी गिऱ्हाइकाची. समोरचे म्हणतील, की गावाबाहेर गेलो तर गिऱ्हाईक तुटेल. पण गिऱ्हाईक जागेला चिकटत नाही, वेळेला चिकटतं. ज्याने वेळेवर काच दिली तो जवळचा."

घुमीची आई भिंतीला टेकून उभी होती. सतरा वर्षं संसार केला तिने ह्या माणसाबरोबर. 'च्यायला' आणि 'बघू नंतर' ह्या दोन शब्दांवर त्याने निम्मा संसार ओढला होता. आज हा पायऱ्या चढतोय! तिला कौतुक वाटायच्या आधी संशय आला.

बाबा नऊ मिनिटांत खाली बसला. आत्याने मान हलवली. "चांगलं बोललास. इतकं चांगलं तू कधीच बोलला नव्हतास. थोरल्या, तू."

काका उठला नाही. त्याने शर्टाच्या खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"ताई, माझं म्हणणं तीन पायऱ्यांवर उभं आहे. पहिली पायरी हाताची. मशीन सरळ कापतं. पण ह्या गावात एक तरी भिंत सरळ आहे का? खिडकीची चौकट वरून रुंद, खालून अरुंद. आपण काच कापत नाही, वाकड्या चौकटीत बसवतो. ते मशीनला कोण सांगणार? दुसरी पायरी जागेची. समोरचे म्हणतील, की मोठी काच इथे फिरत नाही. पण वर्षातून अशा मोठ्या काचा..."

"थांब," आत्या म्हणाली.

"अजून बारा मिनिटं आहेत माझी."

"असू देत. तो कागद दे इकडे."

काकाने कागद दिला. आत्याने बाबाकडे हात केला. "तुझाही."

"माझं पाठ आहे, ताई."

"पाठ केलंस ते कुठूनतरी केलंस ना? खिशात काय फुगलंय ते दे."

दोन्ही कागद तिने मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. एकाच वहीची पानं. कडेला तीच तीन भोकं, तीच हिरवी शाई, 'समोरचे' शब्दाखाली दोन्हीकडे तीच दुहेरी रेघ.

"कोर्टाबाहेर एक अर्ज लिहिणारा बसायचा," ती सावकाश म्हणाली. "सकाळी वादीचा अर्ज लिहायचा, दुपारी प्रतिवादीचा. दोन्ही अर्ज टाइप करायला माझ्याच टेबलावर यायचे. मी दुसऱ्या ओळीला ओळखायचे. घुमे, पुढे ये."

उंबऱ्यावरची पोरगी उठली.

तिचं चुकलं होतं, आणि कुठे चुकलं ते तिला त्या क्षणी कळलं. बुधवारी बाबा म्हणाला होता, "ताईपुढे माझी बोबडी वळते. चार मुद्दे लिहून दे, रविवार पार पडला की तुझ्या फॉर्मवर सही करतो." तिने लिहून दिले. गुरुवारी खाली टेबलापाशी काका म्हणाला, "तुला वादविवाद येतो म्हणतात. मला लिहून दे. तुझ्या बापाने सही नाही केली तर मी करतो, मीही पालकच आहे की." तिने तेही लिहून दिले. बाईंनी शिकवलं होतं, बाजू चिठ्ठीवर ठरते, आपल्या मनावर नाही. चिठ्ठी निघेल त्या बाजूने जीव तोडून बोलायचं. तिने दोन्ही बाजूंनी जीव तोडला होता. रात्री काकाचं लिहिताना तर तिने बाबाचे मुद्दे समोर ठेवून एकेक खोडून काढले होते, आणि स्वतःवरच खूश झाली होती. शाळेत हरलेला मुलगा हात मिळवून घरी जातो. इथे हरलेला माणूस घरातच राहतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दोन्ही तूच लिहिलंस?"

"हो."

"दोघांना सांगितलं होतंस?"

"नाही."

बाबा ताडकन उठला. "दुतोंडी! बापाकडून सहीचं वचन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यालाच हत्यार दिलं? हे शिकवतात तुझ्या त्या वर्गात? उचलली जीभ लावली टाळ्याला?"

"आणि मला काय दिलं?" काकाचा आवाज चढला. "रोज दोन-अडीच तास माझ्यासमोर उभी असते ही. म्हटलं, लेकीसारखी आहे, हिला विश्वासाने सांगावं. हिने आधीच बापाला सगळं लिहून दिलेलं! गुरुवारी माझ्या तोंडाकडे बघून मान हलवत होती!"

"ओरडणं बंद," आत्या म्हणाली. पण कोण ऐकतंय!

"फाड तो फॉर्म," बाबा म्हणाला. "घरात दोन दगडांवर पाय ठेवणारी बाहेर जाऊन काय दिवे लावणार?"

"फाडायचा कशाला? आधी मला सांग," काका गर्रकन वळला, "बुधवारी तुला लिहून दिलं? बुधवारी? म्हणजे माझ्या आधी?"

"मग? माझी मुलगी आहे. तू का गेलास तिच्याकडे? तुला स्वतःचं तोंड नाही?"

"तुला होतं? पाठ करून आलास शाळकरी पोरासारखा! हात मागे बांधून!"

"मी निदान पाठ तरी केलं. तू वाचून दाखवत होतास. तेही चष्मा लावून. 'पहिली पायरी हाताची!' तुला पायरी तरी माहीत आहे का?"

"मला पायरी माहीत आहे! चांगली माहीत आहे! कुठल्या पायरीवर तू हात सोडलास तेसुद्धा माहीत आहे! वरून सातवी!"

"मी सोडला? मी? माझ्या खांद्यावर सगळा भार आला, तो काय आभाळातून आला? तू सोडलास म्हणून आला!"

"मी सोडला असता तर बोटं तुझी गेली असती!"

"दवाखान्यात कोणी नेलं तुला? स्वतःच्या शर्टाने हात बांधून कोणी नेलं?"

"नेलंस! आणि मग बघायला एकदा तरी आलास?"

"तू येऊ दिलंस? दाराशी तुझी बायको उभी केलीस!"

काकू चहाचा कप तोंडाशी नेत होती. तो तिथेच राहिला. दाराशी ती खरंच उभी राहिली होती, आणि कोणी तिला उभं राहायला सांगितलं नव्हतं. नवऱ्याचा हात पांढऱ्या पट्टीत बघून तिचं डोकं फिरलं होतं, तिनेच धाकट्या दिराला हाकलून दिलं होतं आणि काकाला ते कधीच सांगितलं नव्हतं. आज सात वर्षांनी तो विषय निघाला, आणि तिच्या नवऱ्याने भावाकडे तोंड करून काढला. मग तिच्या लक्षात आलं. भावाकडे तोंड करून! तिने जावेला कोपराने ढोसलं.

"अगं, हे दोघं बोलतायत," ती पुटपुटली.

"भांडतायत, वहिनी."

"तेच म्हणते मी. एकमेकांशी भांडतायत."

घुमीच्या आईने आत्याकडे मान वळवली. तिने बघितलं, की आत्यानेही ते टिपलं होतं. जुन्या सवयीने ती घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहीत होती.

"तुला कोणी सांगितलं मी येऊ दिलं नाही?" काका विचारत होता. "कोणी उभं केलं तिला दाराशी?"

"मी," काकू म्हणाली. "मी होते. तुम्ही झोपला होतात. मीच नको म्हटलं. आता काय फाशी द्यायचीय का मला?"

दोघेही भाऊ एकदम तिच्याकडे वळले. बोलायला लागणार, इतक्यात खोलीच्या मधोमध घुमीचा आवाज आला. तो माप वाचायचा आवाज होता, घरघरीवरून पोचणारा.

"आत्या, किती मिनिटं झाली?"

"कसली?"

"हे दोघं बोलतायत त्याला."

आत्याने वही बघितली. "सहा."

"सहा मिनिटं! मध्ये मी नाही, आई नाही, कोणी नाही. येतंय की बोलता तुम्हाला! मग मी कशाला उभी होते तिथे? मला सातवीपासून कशाला उभं केलंत?"

"घुमे, तोंड आवर," बाबा म्हणाला.

"नाही आवरणार. मला दुतोंडी म्हणालात ना? एक तोंड तुमचं होतं आणि एक काकांचं. माझं कुठलं होतं त्यात? 'बापाला सांग, ही काच उद्या होणार नाही.' 'काकाला सांग, गिऱ्हाईक उद्याच मागतंय.' 'बापाला सांग, माप चौकटीचं घेतलंय की डोळ्यांनी घेतलंय?' पुढच्या दारातून मागच्या टेबलापर्यंत बावीस पावलं आहेत. त्या बावीस पावलांत मी तुमच्या शिव्या गाळायचे. तुम्ही 'त्या हेकट म्हाताऱ्याला सांग' म्हणायचात, मी 'काका, बाबा विचारतायत' म्हणायचे. तुम्ही, काका, 'त्या चोराला सांग' म्हणायचात. मी चोर गाळायचे. दोघांचं बोलणं गाळून गाळून मला दोघांचं म्हणणं पाठ झालं. म्हणून लिहिता आलं. तुम्हाला स्वतःचं लिहिता आलं नाही, कारण तुम्हाला फक्त शिव्या पाठ आहेत!"

"अगं, हळू," काकू म्हणाली.

"का हळू? इथे हळू बोललेलं कोणाला ऐकू येतं? मला शेडशी काही देणंघेणं नाही. इथे कापा, गावाबाहेर कापा, चंद्रावर जाऊन कापा. मला साडेतीन ते सहा पाहिजेत. बस्स. उद्या सकाळी आठला फॉर्म गेला नाही तर माझी जागा जाईल. परत नाही मिळणार. पुढच्या वर्षी दहावी, दहावीतली मुलं ते नव्याने घेत नाहीत."

ती बोलायची थांबली तेव्हा तिला धाप लागली होती. रडू मात्र आलं नव्हतं.

काका खाली बसला. त्याला बोलायचं होतं, पण भावाशी बोलता बोलता आपण पकडले गेलो, ह्याची त्याला लाज वाटत होती. सात वर्षं धरून ठेवलेली गोष्ट एका पोरीसमोर अशी हातातून गेली. तो भिंतीकडे बघायला लागला.

बाबाचंही तेच झालं. पण बाबाला लाज वाटली की त्याला आणखी राग यायचा, ही त्याची जुनी खोड. तो बायकोकडे वळला.

"सांग तिला, सही होणार नाही. आणि त्यालाही सांग, की पुतणीला फितवायचे धंदे बंद कर म्हणावं."

झालं! पुन्हा तेच.

"आणि समजा केली सही," तो पुढे म्हणाला, "तर खाली वाचणार कोण? अकरा मापं आहेत उद्याची. तुलाच जावं लागेल परत. तीन वर्षं झालीच की दवाखान्यात खुर्ची गरम करून. असं काय मोठं काम आहे ते?"

घुमीच्या आईने भिंत सोडली.

तिचं काम मोठं नव्हतं. नोंदणीच्या खिडकीत बसायचं, नावं लिहायची, गाल धरून आलेल्या माणसाला 'पाच मिनिटं बसा, बोलवते' म्हणायचं. लोक तिला मॅडम म्हणायचे. दुखणारा माणूसही म्हणायचा. आणि संध्याकाळी घरी येताना तिच्या केसांत काचेची पूड नसायची. चार वर्षं ती पूड तिने उशीवरून झटकली होती. हे सगळं ती कोणाला सांगत नव्हती. सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं?

"फॉर्म दे," ती मुलीला म्हणाली.

घुमीने खिशावर हात ठेवला. "फाडणार?"

"दे म्हणते ना."

आईने फॉर्मच्या घड्या उलगडल्या आणि टेबलावर हाताने सपाट केल्या. "वन्सं, पेन."

आत्याने पेन दिलं.

"इथे लिहिलंय, आई, वडील किंवा पालक," ती म्हणाली. "पहिलं नाव आईचं आहे. मंगळवारी आला हा फॉर्म घरात. ह्या दोघांनी ह्याच्यावर सौदे केले, माझी सही, माझी सही म्हणून. माझी चालते हे एकालाही दिसलं नाही."

"मलाही नाही दिसलं, आई," घुमी म्हणाली.

"मला दिसलं होतं."

तिने पेनाचं टोक त्या पहिल्या ओळीवर टेकवलं.

"मंगळवारीच दिसलं होतं. तू दाखवलास तेव्हा पहिली ओळ तीच वाचली मी. आणि 'बाबांना विचार' म्हटलं. मला ठाऊक होतं, हे तुला झुलवतील. आठवडा असाच जाईल आणि सोमवार उलटून जाईल. मला तेच हवं होतं. तू वर्गाला गेलीस की खाली मी. म्हणून गप्प बसले. मूग गिळून बसले. स्वतःच्या पोरीची जागा जाऊ देत होते मी, दुपारी एका खुर्चीवर बसायला मिळावं म्हणून."

तिचा आवाज शेवटी फाटला, पण पेन थांबलं नाही. सही इतक्या जोरात केली की कागद दोन ठिकाणी फाटला.

"ही घे. आणि ऐका दोघांनी. ही खाली येणार नाही. मीही येणार नाही. उद्या साडेतीनला मी दवाखान्यात असेन, परवाही असेन. कोणी कोणाला काहीही सांगायचं असेल तर स्वतःच्या पायाने बावीस पावलं जा. मी नाही सांगणार. काय खायचं हेसुद्धा नाही सांगणार एकाचं दुसऱ्याला."

"अगं, पण मी काय म्हणतो," बाबा म्हणाला.

"मला नका म्हणू. त्यांना म्हणा."

"मी तर पहिल्या दिवसापासूनच जात नाही," काकूने बजावलं, म्हणजे आपल्याकडे कोणी बघायला नको.

घुमी फॉर्म हातात घेऊन उभी होती. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरी तिचं तोंड लाल झालं होतं.

"पाच दिवस? पाच दिवस तुला माहीत होतं? मी शुक्रवारी रडत होते, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"डोळे पुसून दिलेस तू माझे! 'होईल काहीतरी' म्हणालीस!"

"म्हणाले."

"मी हे विसरणार नाही, आई."

"नको विसरूस. वाटेल तेवढी रागाव. पण आधी तो दप्तरात ठेव, नाहीतर इथेच कुठेतरी ओला होईल."

घुमीने फॉर्म वहीत घातला, वही दप्तरात घातली आणि आतल्या खोलीचं दार आपटलं. आपटलेलं दार पुन्हा उघडलं, तिने बाहेर ठेवलेलं दप्तर आत ओढलं आणि दार परत आपटलं. कोणी तिला हाक मारली नाही.

आत्याने वही मिटली आणि दोन्ही कागद त्यात ठेवून दिले. "हे मी नेते. शेडचं म्हणाल, तर मी अजून तुमचं काहीच ऐकलेलं नाही. ऐकलं ते पोरीचं, आणि तिचं मला दोन्ही बाजूंनी पटलं. पुढच्या रविवारी स्वतःचं घेऊन या. नसेल सुचत तर दोघांनी बसून लिहा, मला काय."

"ताई, जेवून जा," काका म्हणाला.

"ह्या घरात आज माझ्या घशाखाली काही उतरायचं नाही." ती उठली, चपला घातल्या आणि एकेक पायरी सावकाश उतरत गेली. काकू तिला पोचवायला म्हणून निघाली, आणि निघाली ती परत यायची घाई न करता. घुमीची आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. ती भांडी सकाळीच घासलेली होती.

खोलीत दोघं उरले. मध्ये टेबल, टेबलावर सहीचा उमटलेला ओरखडा.

बाबा सवयीने दाराकडे बघत राहिला, कोणी येतंय का म्हणून. आतल्या खोलीतून आवाज नाही, जिन्यावरून नाही. स्वयंपाकघरातून फक्त भांडी आपटल्याचा.

"अकरा म्हणालास?" काकाने विचारलं. भिंतीला नव्हे, भावाला.

बाबाने दारावरची नजर काढून त्याच्याकडे वळवली.

"अकरा. त्यातली दोन गोल आहेत."

"गोल मला आधी दे. सकाळी हात हलका असतो."

"सकाळी दुकानात गिऱ्हाईक असतं."

"मग बस बाहेर गिऱ्हाइकापाशी. मी थांबतो की मागे टेबलापाशी, दुसरं काय करतोय सात वर्षं?"

"नऊला येतो," बाबा म्हणाला. "पण एकेक माप दोनदा वाचणार नाही, सांगून ठेवतो."

"मोठ्याने वाच म्हणजे झालं. यंत्र चालू असतं."

"ओरडूनच वाचणार आहे!" बाबा ओरडला.